गाणं वाजतंय, पुढे?

भिलाई

चि. सोनूस,


साउंड ड्रायव्हरचा पॅच रिव्ह्यूला आलाय आणि 'मामा, लावून पाहिला, गाणं वाजतंय' असं तू फोनवर म्हणालीस. अगं, ते लिहिणाऱ्याच्या टेबलावरही वाजत होतं, म्हणून तर त्याने पाठवला! तुला वाचायचंय ते गाणं अडखळतं तेव्हाचं.

इंटरप्ट हँडलरपासून सुरुवात कर. सेकंदाला ४८,००० फ्रेम आणि १,०२४ फ्रेमचा पिरियड धरलास, तर दर २१ मिलिसेकंदांनी कार्ड हाक मारतं. हँडलर ड्रायव्हरचं स्पिनलॉक घेतो, स्टेटस वाचतो आणि पिरियड संपल्याचं आल्साला, म्हणजे लिनक्सच्या साउंड व्यवस्थेला, कळवतो. कळवण्याआधी लॉक सोडलंय का, ते बघ. सोडलं नसेल तरी दिवसभर काही बिघडणार नाही कदाचित. मग कधीतरी मशीनवर ताण येतो, ॲपकडून डेटा वेळेत येत नाही, बफर रिकामं पडतं. आल्सा त्याच कॉलच्या पोटातून स्ट्रीम थांबवायला ड्रायव्हरचाच ट्रिगर बोलावतो, ट्रिगर तेच लॉक मागतो, आणि ज्याने ते धरलंय तो तर ट्रिगर परत यायची वाट बघतोय. कोअर जागच्या जागी अडकला! टेबलावर गाणी ऐकून हे सापडायचं नाही. इथल्या रेल मिलमध्ये रूळ कितीही चकचकीत दिसला तरी त्याला अल्ट्रासॉनिक चाचणीतून जावंच लागतं, ते याच कारणाने.

ट्रिगर सहसा स्ट्रीमचं लॉक धरून चालतो, तेव्हा त्यात झोपायला परवानगी नाही. चिपला उसंत हवी म्हणून कुणी तिथे एमस्लीप घातला असेल, तर स्ट्रीम नॉनॲटॉमिक म्हणून मांडलाय का, हे आधी तपास आणि मगच लिही. पॉइंटरने जागा फ्रेममध्ये सांगायची असते. चिपचं रजिस्टर बाइट मोजत असेल आणि रूपांतर राहिलं असेल, तर १६ बिट स्टीरिओत आकडा चौपट येतो.

शेवटी रिमूव्ह. आधी इंटरप्ट सोडायचा, मग मेमरी. उलट झालं तर उशिरा आलेला एखादा इंटरप्ट मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालतो. नवीन माणसं प्रोब मन लावून वाचतात आणि रिमूव्हपाशी येईतो जांभया देतात.

स्पेस-टॅबच्या चुका काढत बसू नकोस, त्याला चेकपॅच आहे. शेरा लिहिताना 'इथे गडबड वाटते' असं मोघम नको. कुठल्या वाटेने, कुठलं लॉक धरलेलं असताना, काय होतं ते लिही. समोरचा वयाने, अनुभवाने मोठा असला तरी बिचकू नकोस, पण सूर प्रश्नाचा ठेव. निम्म्या वेळा उत्तर त्याच्याकडे असतं.

आणि आत्ता या घडीला नुसतं गाणं ऐकलंयस, तर खाली टेस्टेड-बाय दे. रिव्ह्यूड-बाय वाचून झाल्यावर.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा