ट्रेलरच्या डावीकडे जाऊ नका

१९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून आमच्या गव्हाणच्या रस्त्यांना कंटेनरची सवय आहे. गावातल्या कितीतरी घरांची चूल याच धंद्यावर पेटते. मीही एका कंटेनर यार्डाच्या गेटवर बरीच वर्षं काढली. पळस्प्याहून बंदराकडे जाणारा महामार्ग आणि बेलापूरकडून येणारा आम्र मार्ग गव्हाण फाट्याशी भेटतात. त्यात उलव्याची वसाहत वाढली, विमानतळासाठी मातीचे डंपर धावले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. आमच्या स्कूटी, मोटारसायकली आणि रिक्षा होत्या तिथेच आहेत, ट्रेलरच्या बाजूला.

अपघात झाला की नाक्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘ड्रायव्हर प्यायलेला असणार.’ कधी असतोही. पण गेटवर राहून मला कळलं ते वेगळंच. कितीतरी वेळा त्या ड्रायव्हरला माणूस दिसलेलाच नसतो.

एका दुपारी गेटवर गर्दी नव्हती. ओळखीच्या एका ड्रायव्हरने मला आपल्या सीटवर बसवलं आणि क्लीनरला मोटारसायकल घेऊन डाव्या दाराखाली, पुढच्या चाकापाशी उभं केलं. मी आरशात पाहिलं, काचेतून वाकून पाहिलं. मोटारसायकल नाही, क्लीनर नाही, त्याची लाल टोपीही नाही. मग तो बंपरला लागून उभा राहिला. माझ्यासमोर सरळ रिकामा रस्ता! खालून त्याचा आवाज येत होता, “दिखा क्या?” हल्लीच्या गाड्यांना जास्तीचे आरसे असतात, पण ते धुळीने माखले की असून नसल्यासारखे. म्हणून मी घरच्या पोरांना एवढंच सांगतो, आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सगळ्यात मोठा धोका वळणावर. चाळीस फुटी कंटेनर घेऊन डावीकडे वळायचं, तर ट्रेलर आधी थोडा उजवीकडे जातो. डाव्या हाताला जागा मोकळी झाली की दुचाकीवाल्याला वाटतं, चला, निघून जाऊ. पण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून येत नाहीत, ती आतल्या बाजूने वळण कापत येतात. मोकळी जागा बघता बघता मिटते आणि माणूस चाकं आणि कठडा यांच्या मध्ये सापडतो. ट्रेलर वळत असेल तर मागे थांबायचं, पूर्ण वळून सरळ होईपर्यंत. हॉर्न वाजवून उपयोग नाही, केबिनमध्ये इंजिनाच्या आवाजात तो पोचत नाही.

ट्रेलरला अगदी चिकटून चालणंही टाळा. कंटेनर चार कोपऱ्यांना लॉक करायचा असतो. घाईत एखादं लॉक राहिलं, तर वळणावर किंवा खड्ड्यात अख्खा डबा कलंडतो. पुढे घुसून अचानक ब्रेक मारणं तर त्याहून वाईट. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं आणि भरलेला ट्रेलर त्यानंतर कुठे थांबायला लागतो.

माझा चुलतभाऊ मात्र उभ्या ट्रेलरवर आदळला. रात्री उलव्याहून घरी येत होता. रस्त्याकडेला एक ट्रेलर उभा, मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरच्या पट्टीवर चिखल, मागे लाल त्रिकोण नाही, नुसते दोन दगड ठेवलेले. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले आणि तेवढ्यात तो मागच्या बाजूला जाऊन धडकला. मांडीचं हाड मोडलं, हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं. शुद्धीवर आल्यावर एकच सांगत होता, “मना गारी दिसलीच नाय रं.”

जमलेली माणसं केबिनवर दगड मारायला धावली. १०८ ला फोन लावायचं कुणाला सुचायला बराच वेळ गेला. घाबरलेला ड्रायव्हर गाडी घेऊन पळाला. एका पोराने मागून फोटो काढला होता, पण नंबरप्लेट चिखलाने भरलेली. फोटोत दिसत होता तो डब्यावरचा नंबर. चार अक्षरं, त्यातलं शेवटचं यू, आणि पुढे सात आकडे. बाकीचे म्हणाले, हा गाडीचा नंबर नाही, काय कामाचा? मला गेटचं काम माहीत होतं. यार्डात डबा आत-बाहेर होताना त्याच्यासमोर गाडीचा नंबर लिहिला जातो. पोलिसांना तो फोटो दिला आणि गाडी सापडली. म्हणून दोन्ही नंबर टिपा, प्लेटवरचा आणि डब्यावरचा.

रात्री कडेने चालवताना प्रत्येक काळा ठिपका म्हणजे उभी गाडी, असं धरून चला. समोरून प्रखर प्रकाश आला की वेग आधीच कमी करा. हेल्मेटचा पट्टा बांधलेला असू द्या, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडतं.

अपघात झालाच, तर ड्रायव्हरला मारण्यात जाणारी मिनिटं जखमीची असतात. १०८ किंवा ११२ लावा. मदत करणाऱ्याला पोलिसांत अडकायची भीती वाटते, पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्याला संरक्षण मिळालं आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

गाडी सापडलीच नाही, तरी हातावर हात ठेवून बसू नका. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये भरपाई आहे. चौकशी तहसील किंवा प्रांत कार्यालयात करावी. वाहन सापडलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो आणि कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रं, औषधांची बिलं एका पिशवीत पहिल्या दिवसापासून जमवा. आपल्याकडे बाराव्या-तेराव्याची यादी होते, या पिशवीची आठवण कोणाला राहत नाही.

रस्त्याकडेला उभे राहणारे ट्रेलर आणि बंद पडलेले दिवे यांचे फोटो तारखेसह काढून ग्रामपंचायत आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीला वजन नसतं.

आणि एक काम या रविवारीच करा. आपल्या गावात यार्डात ओळख नाही, असं घर शोधून सापडणार नाही. घरातलं जे पोर सगळ्यात जास्त गाडी फिरवतं, त्याला उभ्या, इंजिन बंद असलेल्या ट्रेलरच्या सीटवर बसवा आणि तुम्ही डाव्या चाकापाशी जाऊन उभे राहा. तुम्ही तिथे उभे असूनही त्याला दिसणार नाही, तेव्हा माझ्या सांगण्याची गरजच उरणार नाही.