लेयर गेले कुठे?

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओसाठी फोटोशॉपमध्ये नावांची पाटी केली. नावं, वेलबुट्टी आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या लेयरवर आहेत. एडिटरमध्ये मात्र सगळं एकच चित्र होऊन येतं. असं का?

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये लेयरबरोबर त्यांचं एकत्रित चित्रही साठवता येतं आणि बरीच घरगुती सॉफ्टवेअर तेवढंच वाचतात. प्रीमियर प्रो मात्र फाइल आत घेतानाच विचारतं, लेयर एकत्र हवेत की सुटे?

साध्या एडिटरसाठी खात्रीचा मार्ग पीएनजीचा. एकच लेयर दिसता ठेवून, बाकीचे लपवून, पूर्ण कॅनव्हास जतन करावा. घाईत नुसता लेयर कापून घेतला, तर पुढे जागा जुळवत बसावं लागतं. व्हिडिओ १९२० बाय १०८० चा असेल, तर प्रत्येक पीएनजीही तेवढीच ठेवावी. मग वेगवेगळ्या ट्रॅकवर सगळं आपापल्या जागी बसतं. आधी वेलबुट्टी, दोन सेकंदांनी नावं, असा क्रम लावता येतो. जेपीईजी इथे निरुपयोगी, त्यात पारदर्शकता टिकतच नाही.

शिवाय अक्षरांचं चित्र झालेलं असल्यानं काही एडिटरांत होणारी जोडाक्षरांची मोडतोडही टळते. मूळ पीएसडी मात्र पुसू नये. नावात चूक निघाली, तर दुरुस्ती तिथेच करावी लागेल.