चार आकडे आणि आपली प्रायव्हसी

आपल्या बजाजनगरमध्ये सकाळचा चहा, मेसचं बिल, झेरॉक्स, मेडिकल, सगळं आता क्यूआर स्कॅन करूनच होतं. पाकिटात नोटा कमी आणि फोनमध्ये हिस्टरी जास्त! पण पैशासोबत आपली अजून कोणती माहिती जाते, हे आपण बघतो का? या लेखात तेच समजून घेऊ. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मधूनमधून इंग्रजी शब्द येतील, चालवून घ्या.)

एमसीसी म्हणजे काय?

कार्डने किंवा यूपीआयने पैसे घेणाऱ्या दुकानाला धंद्याच्या प्रकारानुसार एक चार आकडी नंबर मिळतो. त्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणजेच एमसीसी म्हणतात. आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये हे नंबर ठरलेले आहेत. किराणा ५४११, रेस्टॉरंट ५८१२, मेडिकल ५९१२, लॅब ८०७१, वाईन शॉप ५९२१, कॉलेज ८२२०. पेट्रोलवर कॅशबॅक द्यायचा की नाही, हे कार्ड कंपनीला याच कोडवरून कळतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा कोड दुकान सांगतो, वस्तू सांगत नाही. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या की शाम्पू, हे त्याला माहीत नसतं. पण कोड, रक्कम, तारीख आणि वेळ असे वर्षभराचे आकडे एकत्र ठेवले की अंदाज बांधता येतो. दर महिन्याला लॅब आणि लगेच मेडिकल, म्हणजे घरात कोणीतरी आजारी आहे. अंदाज बरोबर असेल तर आपलं खाजगी आयुष्य उघडं पडतं, आणि चूक असेल तर आपल्यावर उगाच शिक्का बसतो. नुकसान दोन्हीकडून आपलंच!

बंदुकीच्या दुकानाचा कोड

यावर मोठा वाद अमेरिकेत झाला. २०१६ मध्ये ऑरलँडो शहरातल्या नाइट क्लबमध्ये गोळीबार होऊन ४९ लोक मारले गेले. हल्लेखोराने त्याआधी क्रेडिट कार्डांवर हजारो डॉलरची खरेदी केली होती. कार्ड कंपन्यांना असा संशयास्पद खर्च आधीच ओळखता येईल का, असा प्रश्न पुढे आला. तोपर्यंत बंदुकीची दुकानं खेळाचं साहित्य किंवा किरकोळ दुकानं अशा कोडखाली जायची. सप्टेंबर २०२२ मध्ये आयएसओने त्यांच्यासाठी ५७२३ हा वेगळा कोड मंजूर केला. मात्र विरोध वाढल्यावर मार्च २०२३ मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी काम थांबवलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने हा कोड सक्तीचा करणारा कायदा केला, तर फ्लोरिडाने बंदी घालणारा!

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. माणसं वाचावीत असं कोणाला वाटणार नाही? पण त्या दुकानातून कोणी तंबू घेतला काय आणि रायफल घेतली काय, कोड एकच. उलट मोठ्या सुपरस्टोअरमधून बंदूक घेतली तर कोड सुपरस्टोअरचाच राहतो.

आपल्याकडे काय?

भारतात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलाय. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक ठेवायला परवाना लागतो. विकणाऱ्या दुकानदारालाही परवाना लागतो आणि त्याला रजिस्टर ठेवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. म्हणजे इथेही नोंद आहेच. पण ती कायद्याने, उघडपणे आणि अर्जदाराला माहीत असताना होते. कार्डच्या यादीवरून गुपचूप अंदाज बांधणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. नोंद असावी की नसावी एवढाच प्रश्न नाही. ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या कायद्याने बघायची, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या सुप्रीम कोर्टाने यावर फार चांगली भूमिका घेतली आहे. बँकेला दिलेल्या कागदांवर ग्राहकाचा प्रायव्हसीचा हक्क उरत नाही, असं अमेरिकेच्या कोर्टाने १९७६ मध्ये मिलर केसमध्ये म्हटलं होतं. आपल्या कोर्टाने २००४ मध्ये कॅनरा बँक केसमध्ये ते मान्य केलं नाही. कागद बँकेत असले तरी हक्क माणसासोबत राहतो! पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात न्या. धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे हे आपले मराठी न्यायाधीशही होते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण त्यात सरकारला मोठ्या सवलती आहेत, म्हणून आपण जागं राहायला हवं.

करून बघा!

फोनमधल्या साध्या क्यूआर रीडरने (पेमेंट ॲपने नाही) दुकानातला यूपीआय क्यूआर वाचा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात बऱ्याचदा ‘एमसी’ या अक्षरांपुढे चार आकडे असतात. ०००० असेल तर त्यात धंद्याचा प्रकार सांगितलेला नाही असं समजा. टपरीवाले काका स्वतःच्या पर्सनल खात्याचा क्यूआर वापरत असतील, तर असंच दिसेल.

नंतर आपलंच सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, त्यातली आपली नावं झाका आणि रूममेटला विचारा, “हा माणूस कसा असेल?” तो जे सांगेल ते ऐकून, “माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही” हे वाक्य परत म्हणता येतं का ते बघा. मग पुढच्या वेळी एखाद्या लोन ॲपने स्टेटमेंट किंवा एसएमएस वाचायची परमिशन मागितली, तर ‘अलाऊ’ दाबण्याआधी दोन मिनिटं विचार कराल ना?