जास्त म्हणजेच चांगले काय? : स्तनाच्या कर्करोगावरील चाचण्यांचा धडा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे, स्तनाच्या कर्करोगाचा. ऊस विकास खात्याचा आणि या रोगाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. पहिला असा की, गटवार फिरताना सभासदांच्या घरी या दुखण्याची गोष्ट कानावर येते, आणि ती बहुधा उशिरा येते. दुसरा असा की, या रोगावर कोणता उपचार लागू पडतो हे डॉक्टर मंडळींनी ज्या रीतीने शोधून काढले, ती रीत आपल्या शेतातल्या चाचणी प्रयोगाचीच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. औषध सांगणे आमचे काम नाही. परंतु चाचणी म्हणजे काय आणि तिचा निकाल कसा वाचावा, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

चाचणी कशी करतात?

नवी जात आली आणि शेजाऱ्याच्या एका प्लॉटात तिचे टनेज चांगले निघाले, म्हणून शहाणा शेतकरी सगळे रान त्या जातीखाली आणत नाही. शेजाऱ्याची जमीन कसदार असेल, पाणी मुबलक असेल, लागण आडसाली असेल. म्हणून पाडेगावसारख्या संशोधन केंद्रात नवी जात आणि को ८६०३२ सारखी चालू जात शेजारी शेजारी लावतात. खत, पाणी, लागणीची तारीख सारखी ठेवतात. कोणत्या वाफ्यात कोणती जात हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतात, म्हणजे चांगली जमीन मुद्दाम एकीच्याच वाट्याला जात नाही. शिवाय प्रत्येक जातीचे एक नव्हे, अनेक वाफे घेतात.

चिठ्ठीची ही पद्धत १९२० नंतरच्या वर्षांत इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी बसवली. शेतातून ती पुढे दवाखान्यात गेली. रुग्णांचे चिठ्ठीने गट पाडायचे, एका गटाला चालू उपचार आणि दुसऱ्याला नवा उपचार द्यायचा, आणि मग वर्षानुवर्षे नोंद ठेवायची. दवाखान्यातली चाचणी ती हीच.

पाऊणशे वर्षे चाललेली मोठी शस्त्रक्रिया

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळे एकदम काढीत. विचार असा होता की, रोग एका जागेवरून शेजारी शेजारी सरकत जातो. तेव्हा जितके रुंद कापावे तितका तो मुळासकट निघेल. त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण या शस्त्रक्रियेने कमी झाले हे खरे. पण पुष्कळ स्त्रियांचा हात सुजे, खांदा नीट वर होत नसे. तरीही पाऊणशे वर्षे हाच मुख्य उपचार राहिला, कारण शेजारी दुसरा वाफा लावून मोठ्या प्रमाणावर पाहणारे फारसे कोणी निघाले नाही.

पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर (हे दुसरे फिशर) यांचे म्हणणे वेगळे होते. रोगाचे कण रक्तावाटे लवकरच दूर जाऊ शकतात; तसे झाले असेल तर छातीवर कितीही रुंद कापून काय उपयोग? आपल्याकडची चाबूक काणी आठवा. चाबूक फुटून काजळी वाऱ्यावर गेली, की मग त्या एका ठोंबाभोवती कितीही रुंद खणले तरी गेलेली काजळी परत येत नाही.

फिशर यांच्या गटाने १९७१ साली चाचणी सुरू केली. १,६०० हून अधिक स्त्रिया तीत होत्या. स्नायूंसह मोठी शस्त्रक्रिया आणि फक्त स्तन काढण्याची लहान शस्त्रक्रिया यांची तुलना केली. २५ वर्षे नोंद ठेवली, पण जगण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही. १९७६ साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असलेल्या १,८५१ स्त्रियांचे तीन गट केले : पूर्ण स्तन काढलेला, फक्त गाठ काढलेला, आणि गाठ काढून किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'शेक देणे' म्हणतात, तो दिलेला. २० वर्षांनी हिशेब केला तेव्हा तिन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. मात्र त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण शेक न दिलेल्या गटात शेकडा ३९, तर शेक दिलेल्या गटात शेकडा १४ निघाले.

इटलीत मिलान येथे डॉ. उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर अशीच चाचणी केली. तिथे गाठी २ सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या. २० वर्षांनी निकाल तोच.

नोंदवहीचे महत्त्वही इथे ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या चाचणीत एका केंद्रातील डॉक्टरने काही नोंदी खोट्या भरल्याचे पुढे उघडकीस आले. त्या केंद्राचे आकडे वगळून सगळा हिशेब पुन्हा केला, तरी निकाल बदलला नाही. वाफे पुष्कळ आणि नोंद चोख, तर एकाच्या लबाडीने पीक बुडत नाही.

युरियाची पोती

जास्त खत म्हणजे जास्त ऊस, हा समज आपल्या रानातून अजून गेलेला नाही. युरिया मर्यादेबाहेर टाकला तर ऊस लोळतो आणि साखरेचा उतारा घसरतो. औषधाच्या बाबतीतही हेच घडले. १९८० ते १९९० च्या सुमारास केमोथेरपीची मात्रा कितीतरी पटींनी वाढवून पाहण्याची कल्पना निघाली. त्या मात्रेने हाडातील मगज मरतो, म्हणून रुग्णाच्याच मूळ पेशी आधी काढून ठेवायच्या आणि नंतर परत द्यायच्या. अमेरिकेत हजारो स्त्रियांना हा उपचार दिला गेला, तोही पुष्कळदा चाचणीच्या बाहेर. नेहमीच्या उपचाराशी त्याची रीतसर तुलना झाली तेव्हा १९९९ साली निकाल आले. जवळजवळ सर्वच ठिकाणी स्त्रियांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही. त्रास मात्र जास्त झाला. एकाच ठिकाणाहून फार चांगला निकाल आला होता, तो २००० साली बनावट ठरला.

उलट, कमी केल्याने काम भागते हेही चाचणीनेच दाखवले. किरणोपचार पूर्वी पाच आठवडे देत. ब्रिटनमध्ये २,२१५ स्त्रियांवरील चाचणीत तीन आठवड्यांचा उपचार तितकाच गुणकारी ठरला. २०२० साली तिथल्याच ४,०९६ रुग्णांवरील चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. त्यात एका आठवड्यातले पाच शेकही पुरेसे ठरले. कोणाला किती शेक हे डॉक्टरच ठरवतील. पण शहरात खोली घेऊन राहणे, घरची जनावरे आणि पाण्याची पाळी यांच्या काळजीने ज्या घरात 'शेक नको, सगळेच काढून टाका' असे म्हटले जाते, त्या घराला हे माहीत असणे जरुरीचे आहे.

मुंबईतले काम

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या बाबतीत मोठे काम केले आहे. तिथल्या तीन चाचण्या सांगण्यासारख्या आहेत.

पहिली १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू झाली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया तीत होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनाची तपासणी केली. अशा चार फेऱ्या झाल्या. निकाल २०२१ साली आला. तपासलेल्या वस्त्यांत रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शेकडा ३७, तर इतरत्र ४७ होते. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू शेकडा ३० च्या आसपास घटले. त्याहून लहान वयात तशी स्पष्ट घट दिसली नाही. यंत्र नाही, डॉक्टर नाही, नुसता शिकवलेला हात. तरी एवढा फरक!

दुसरी चाचणी, रोग शरीरात दूरवर पसरलेल्या ३५० स्त्रियांची. अशा वेळी स्तनातली मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय, हे पाहिले. वाढले नाही. निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा अशा रुग्णाला 'शस्त्रक्रिया करीत नाही' असे डॉक्टर म्हणाले, तर हात झटकले असे समजू नये.

तिसरीत शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना बधिर करण्यासाठी देतात ते स्वस्त औषध, टोचले. देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर हे झाले. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या शंभरांपैकी ९० हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६. हा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. शंभरात चार म्हणजे थोडे वाटेल. ज्या चार घरांतल्या आया वाचल्या, त्या घरांना विचारावे.

सभासदांनी काय ध्यानात ठेवावे

१. लहान शस्त्रक्रियेचा फायदा गाठ लहान असताना आलेल्या बाईला जास्त मिळतो. 'हंगाम संपू दे, मग बघू' या म्हणण्यात सहा महिने जातात. ऊस तोडीला थांबतो, गाठ थांबत नाही.

२. ही गाठ पुष्कळदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून सोडू नये. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तपासून घ्यावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते सुईच्या तपासणीने ठरते, अंगाऱ्याने किंवा लेपाने नव्हे.

३. रोग ठरल्यावर डॉक्टरांना विचारावे : रोग कितव्या अवस्थेत आहे? फक्त गाठ काढून भागेल काय? किती दिवस शेक लागेल? गाठीच्या तपासणीत संप्रेरकांचा अहवाल काय आला? तो अनुकूल असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी देतात. पाच वर्षे ती घेतलेल्या अशा स्त्रियांत १५ वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मध्येच 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करू नये.

४. चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले तर घाबरू नये. कागद आपल्या भाषेत मागावा, समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. नाही म्हणण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही.

५. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या परिसरातील खेड्यांची कर्करोग नोंदवही १९८७ पासून चालू आहे. खेड्यात हा रोग शहरापेक्षा कमी आढळतो, पण कमी म्हणजे नाही असे नव्हे.

हे पान सभासदांच्या नावे येते, आणि बहुतेक घरांत ते पुरुषच वाचतात. म्हणून विनंती अशी की, या अंकाचे हे पान घरातल्या माउलीला, बहिणीला, सुनेला वाचून दाखवावे. निदान त्यांच्या हाती तरी द्यावे. लाजेपायी दडवलेल्या गाठीवर जगातल्या कोणत्याही चाचणीतून औषध निघालेले नाही.

— ऊस विकास अधिकारी