आजीचा कृष्णधवल फोटो : मोबाईलपासून फ्रेमपर्यंत

आज आपण डिजिटल कृष्णधवल फोटो कसा काढायचा, त्यावर काम कसं करायचं आणि तो छापायचा कसा, हे पाहणार आहोत. पण आधी एक प्रश्न. तुमच्या घरात आजी-आजोबांचा नीट काढलेला एक तरी फोटो आहे का?

आपल्या वरवट बकालमध्ये काय किंवा आजूबाजूच्या खेड्यांत काय, म्हातारं माणूस गेलं की मग फ्रेमसाठी फोटोची शोधाशोध सुरू होते. आधार कार्ड, पासबुक, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या गर्दीत दिसणारा अर्धा चेहरा. आता थोडं गणित करू. पासपोर्ट फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद असतो. तो इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर रुंदीत साधारण ४१० ठिपके मिळतात. तेच ८ इंचांवर ताणले की इंचाला उरतात ५१. चांगल्या छपाईला ३०० लागतात. म्हणून तो चेहरा धुरकट दिसतो. याउलट साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलवर ३००० गुणिले ४००० ठिपके असतात, म्हणजे १० इंच रुंद प्रिंट आरामात निघते. तेव्हा माणूस समोर बसलेलं असतानाच फोटो काढा.

आता मुख्य मुद्दा. कृष्णधवल म्हणजे फोटोतला रंग पुसून टाकणे, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग दिसतच नाही, फक्त प्रकाश कमी की जास्त एवढंच कळतं. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या बारीक काचांची जाळी बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. निम्म्या काचा हिरव्या, बाकीच्यात लाल आणि निळ्या सारख्या. म्हणजे प्रत्येक ठिकाणचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे फोटोत येतात. त्या तिघांपासून एक करडी छटा कशी बनवायची, हे ठरवणं म्हणजे कृष्णधवल फोटोग्राफी.

नेहमीचं सूत्र असं : लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, आणि तिन्हींची बेरीज. समजा आजी लाल लुगडं नेसून कडुनिंबाखाली बसली आहे. लुगड्याचे आकडे २००, ४०, ४०. पानांचे ६०, ११०, ५०. वही काढा आणि करून बघा. दोन्हींचं उत्तर ८८! डोळ्याला इतकं वेगळं दिसणारं लाल आणि हिरवं फोटोत एकच करडं झालं, आजी झाडात मिसळून गेली. आता फक्त लाल आकडा घ्या : लुगडं २००, पानं ६०. आजी झटकन वेगळी उठून दिसते. स्नॅपसीडसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये कृष्णधवलच्या पर्यायात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशी फिल्टरं असतात, ती हेच काम करतात. म्हणूनच मूळ फोटो कायम रंगीत काढायचा आणि जपून ठेवायचा. रंगच फेकून दिलेत तर नंतर निवडायला काही उरत नाही.

(सगळेच फोटो कृष्णधवल करायचे असंही नाही. जून २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. ते कृष्णधवल केलं तर बातमीच गेली!)

पण लाल फिल्टरमध्ये एक खोच आहे. सावळ्या कातडीचे आकडे धरा १४०, ९५, ७०. नेहमीच्या सूत्राने १०६ येतात, लालने थेट १४०, आणि निळ्याने ७०. म्हणजे लालने आजी गोरी होते, सुरकुत्याही पुसट होतात. निळ्याने प्रत्येक सुरकुती खोल होते आणि चेहरा काळवंडतो. गोरं करण्याचा मोह आपल्याकडे फार. मोबाईलचा ब्यूटी मोडही न विचारता तेच करतो, तो आधी बंद करा. उभा जन्म पऱ्हाटीत राबलेल्या बाईला आपण कागदावर गोरी का करायची? मला तरी ते पटत नाही. नारिंगी किंवा पिवळ्या फिल्टरवर थांबा आणि समोर बसलेल्या माणसाशी ताडून पाहा.

शेजारच्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले आहेत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो कुठे बघायला मिळाले तर अंधाऱ्या भागांकडे नीट लक्ष द्या, काळ्यातसुद्धा किती छटा असतात ते कळेल.

फोटो काढताना भर दुपारचं ऊन टाळा, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. आजोबांना दाराच्या आत, चौकटीपासून हातभर अंतरावर बसवा, तोंड थोडं बाहेरच्या उजेडाकडे. घरातला दिवा बंद. मोबाईल नाकाजवळ नेऊ नका, नाक मोठं येतं. पाच-सहा फुटांवरून २ पट झूम करा. पांढऱ्या टोपीवर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. टोपीची वीण दिसली पाहिजे. एकदा ती कोरी पांढरी झाली की कुठल्याच अ‍ॅपने परत येत नाही.

आणखी एक. कृष्णधवल फोटो म्हणजे "गेलेल्या माणसाचा", असं पुष्कळ म्हाताऱ्यांना वाटतं. "आतापासूनच भिताडावर टांगता का रे मले?" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. आधी त्यांचा रंगीत फोटो छापून त्यांच्या हातात द्या, मग विचारा. नको म्हणाले तर नको.

प्रोसेसिंगला क्रम ठेवा : आधी फिल्टर, मग एकूण उजेड, मग गडदपणा. शेवटी फक्त डोळ्यांचा भाग किंचित उजळ करा.

छपाईला देताना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ठिपके कमी होतात. लॅबवाल्याला सांगा, ऑटो करेक्शन नको. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही, म्हणून प्रिंट नेहमी थोडी काळपट येते. शिवाय लॅबचा कागद रंगीत फोटोंचा असतो, त्यावर करडा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून येतो, आणि जरा तोल गेला की हिरवट किंवा जांभळट झाक दिसते. त्यामुळे आधी ४ गुणिले ६ इंचाची एकच प्रिंट काढा, दिवसाच्या उजेडात बघा, मग मोठी. प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून कडेने पुठ्ठ्याची चौकट घाला. ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर आजीचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि फोटोची तारीख लिहा. माहेरचं गाव माहीत नसेल तर ती समोरच बसली आहे, विचारून घ्या.