मनगटातलं हाड ‘मेलं’ म्हणजे काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लेथवर काम करतो, वय 31. वर्षभर त्याचं उजवं मनगट दुखत होतं. मुरगळलं असेल म्हणून तेल लावणं, शेकणं चालू होतं. आता एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, आतल्या एका हाडाचा रक्तपुरवठा थांबून ते ‘मेलंय’. आई तर घाबरूनच गेली आहे. हाड मुळात जिवंत असतं का? आणि नेमकं एकच कसं मरतं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला तो पांढरा सांगाडा पाहून आपली समजूत चुकते. अंगातलं हाड सतत झिजतं आणि भरून निघतं, आणि त्यासाठी त्याला रक्त लागतं.

मनगटात अशी 8 हाडं दोन ओळींत बसलेली आहेत. भावाचं बिघडलेलं हाड बहुधा ल्युनेट असावं. तुमच्याच हातावर ते सापडतं. डाव्या मनगटाच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या रेषेत उजव्या हाताचं बोट खाली आणा. छोटा खळगा लागेल. बोट तिथेच ठेवून मनगट तळव्याकडे वाकवा. खळग्यातून वर येऊन बोटाला टेकतं ते ल्युनेट. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ते चंद्रकोरीसारखं दिसतं, नावही त्यावरूनच पडलं.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट किनबॉक या क्ष-किरणतज्ज्ञाने 1910 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते ‘किनबॉक आजार’. दुर्मीळ आहे, आणि गाठतो तो बहुतेक विशी ते चाळिशीतल्या पुरुषांना, राबत्या हाताला.

आता, हेच हाड का? त्याच्या बहुतेक सगळ्या पृष्ठभागावर कूर्चा आहे, कारण चहूबाजूंनी शेजारची हाडं त्यावर घासतात. रक्तवाहिन्यांना शिरायला जागा उरते ती फक्त तळव्याकडून आणि पाठीकडून. 1980च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या मनगटांतल्या वाहिन्यांत द्रव्य भरून आतल्या वाटा तपासल्या. बहुतेक हाडांत त्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या फुटलेल्या निघाल्या. काहींत मात्र एकच सरळ रेघ. गावाला एकच रस्ता असला आणि तो खचला, तर जे होतं तेच इथे.

दुसरी गोष्ट मापाची. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं येतात. मनगटावरचा साधारण 80 टक्के भार अंगठ्याकडचं पेलतं, 20 टक्के करंगळीकडचं. प्रयोगशाळेत करंगळीकडचं हाड अडीच मिलिमीटर आखूड केलं, तेव्हा 20चे जेमतेम 4 टक्के उरले. बाकी सगळं ओझं पलीकडे, ल्युनेटच्या डोक्यावर. स्वीडनच्या हुल्टेनने 1928 मध्येच दाखवलं होतं की किनबॉकच्या 78 टक्के रुग्णांत करंगळीकडचं हाड आखूड असतं, एरवी 23 टक्क्यांत. पुढे जपानातल्या अभ्यासांत हे नातं इतकं घट्ट दिसलं नाही. त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, आणि ‘लेथनेच केलं’ असं म्हणून भावाला नोकरी सोडायला लावण्याची घाईही नको.

पायातही अशी हाडं आहेत. लहान मुलांच्या पावलातल्या एका हाडाचं असंच दुखणं कोहलर या डॉक्टरने 1908 मध्ये नोंदवलं. ते बहुतेकदा आपोआप भरून येतं. मोठ्या माणसाच्या ल्युनेटकडून तेवढी उदारता धरून चालू नये.

हाड अजून चपटं झालं नसेल तर करता येण्यासारखं बरंच असतं. करंगळीकडचं हाड आखूड असेल, तर अंगठ्याकडचं दोन-तीन मिलिमीटर कापून पट्टी-स्क्रूने जोडतात. ऐकायला उलटं वाटतं, पण त्याने ओझं वाटलं जातं. काही वेळा जवळचा हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट आत बसवतात. हाड चुरलंच असेल तर ते काढणं किंवा शेजारची हाडं जोडून टाकणं उरतं. मग दुखणं कमी होतं, पण मनगट पूर्वीइतकं वळत नाही. म्हणून ‘आजाराची कितवी पायरी आहे?’ हे आधी विचारून घ्या.

आणि एक. पुढचा एक्स-रे काढताना भावाला मूठ आवळू देऊ नका. मूठ आवळली की करंगळीकडचं हाड पुढे सरकल्यासारखं दिसतं आणि मिलिमीटरचा सगळा हिशेब चुकतो.