झेरॉक्समधला पांढरा दिवा

आरटीआरचा, म्हणजे विमानातल्या रेडिओवर बोलायच्या परीक्षेचा, पार्ट टू राहिला म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग हळूच विचारतात, "इंग्लिश कमी पडलं का गं?" नाही पडलं. घाटकोपरच्या मराठी शाळेत शिकले असले तरी ईएलपी, म्हणजे पायलटांची इंग्रजीची परीक्षा, मी सहज काढली होती. कमी पडली ती अंधेरीच्या एका क्लासची झेरॉक्स. क्लासचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तिथे पैसे भरलेत ते ओळखतील, आणि ज्यांनी अजून भरले नाहीत त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

क्लास म्हणजे मेट्रो स्टेशनजवळच्या इमारतीतली एक खोली, भिंतीवर बोइंगच्या कॉकपिटचं पोस्टर आणि सर. सरांना सगळे कॅप्टन म्हणायचे. कशाचे कॅप्टन, ते कोणी विचारलं नाही. फी एकरकमी, तीही आधी. नोट्स स्पायरल बाइंडिंगमधल्या, झेरॉक्सची झेरॉक्स. कुणा जुन्या मुलाने पेनाने मारलेल्या रेघासुद्धा छापून आलेल्या. १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं, तो किस्सा सर इतका रंगवून सांगायचे की अर्धा तास कसा गेला कळायचं नाही. मलाही आवडायचा. पण त्या खोलीत हेडसेट लावून, पाठमोरं बसवून, कोणी मला एकही क्लिअरन्स दिला नाही. सराव म्हणजे सरांनी पानावरची एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची, ओळ वाचायची आणि आपण तिच्याखालची पायलटची. नाटकाच्या तालमीतसुद्धा कधीतरी संहिता खाली ठेवावी लागते.

आता मुद्द्याचं. त्या नोट्समध्ये रेडिओ बंद पडल्यावर टॉवरवरून जे दिवे दाखवतात त्यांची प्रश्नोत्तरं होती. हिरवा बरोबर, लाल बरोबर. लुकलुकणाऱ्या पांढऱ्याचं उत्तर तेवढं उलटं टाइप झालेलं: विमान हवेत असताना पांढरा दिसला तर म्हणे 'रिटर्न टू स्टार्टिंग पॉइंट'. मी वर्गात विचारलं होतं, "सर, हवेत असताना स्टार्टिंग पॉइंट म्हणजे नेमका कुठला?" साक्षीला अख्खी बॅच आहे. सर म्हणाले, "बेटा, इतकी वर्षं मुलं याच नोट्सवर पास होतायत. लिहिलंय तेवढं बोल. जास्त डोकं लावलंस तर एक्झामिनर चिडतो."

परीक्षेत पार्ट वन, म्हणजे रेडिओवरच्या संवादाचा, नीट गेला. तोंडी पार्ट टूला समोर वयस्कर, टापटीप, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. १२१.५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी विचारली, सांगितली. ट्रान्सपॉन्डरचे ७५००, ७६००, ७७०० झाले. मग पांढरा दिवा. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही नागपूरहून निघालात. मुंबईला पोचलात. रेडिओ बंद. मुंबईच्या टॉवरने पांढरा दिवा दाखवला. तुम्ही परत नागपूरला जाणार?"

मी गप्प.

"इंधन पुरेल?"

आणि मग, जरा हसून, "तुमच्या आधीचा मुलगाही नागपूरला गेला. अंधेरीचा क्लास का?"

त्या क्षणी मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. डोक्यात संताप गेला. बाहेर बाकावर तो मुलगा बूट बघत बसला होता, तो का बसला होता ते आत्ता कळलं. माझ्यानंतरच्या दोघी त्याच बॅचच्या, त्याही नागपूरलाच जाणार होत्या. समोरच्या माणसाला माझं उत्तर मी तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं, पाठांतरातल्या चुकीसकट. मी विचारलेला प्रश्न बरोबर होता, तो गिळायला लावला सरांनी, आणि इथे बसून भोगायचं मी. पुढची उत्तरं घसरली ती त्यानंतर.

खरं उत्तर साधं आहे: हवेत असताना लुकलुकणारा पांढरा म्हणजे याच विमानतळावर उतरा आणि एप्रनकडे जा, उतरण्याची आणि टॅक्सीची परवानगी यथावकाश वेगळी मिळेल. 'निघालात तिथे परत या' हे जमिनीवरच्या विमानासाठी. हे आयकाओच्या अ‍ॅनेक्स २ च्या परिशिष्टात तक्त्यासकट आहे. म्हणून पहिली गोष्ट: नोट्समधल्या प्रत्येक उत्तरापुढे ते कुठून आलं ते लिहा. अ‍ॅनेक्स २, अ‍ॅनेक्स १० चा दुसरा खंड, रेडिओटेलिफोनीचं डॉक ९४३२, आणि एआयपी इंडिया, जी नेटवर फुकट आहे. ज्या उत्तराला मूळ सापडत नाही ते सरांचं समजा.

दुसरं, सूत्रं आकड्यांसकट पाठ करू नका. व्हीएचएफच्या पल्ल्याचं गणित आमच्या नोट्समध्ये फक्त १०,००० फुटांचं होतं, उत्तर १२३ नॉटिकल मैल. २,५०० फूट दिले की निम्मी बॅच तरीही १२३ म्हणायची. उंचीचं वर्गमूळ ५०, गुणिले १.२३, म्हणजे ६१.५, तोंडी होतं. विमानात एफएम न वापरता एएम का, हेही विचारतात. नोट्स म्हणतात, बँडविड्थ कमी लागते. खोटं नाही, पण अर्धंच. दोन विमानं एकदम बोलली तर एएमवर किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि कोणीतरी दबलं गेल्याचं कळतं. एफएमवर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार गिळून टाकतो. हे मला एका निवृत्त एटीसीवाल्या काकांनी मुलुंडला चहा पिता पिता सांगितलं, फुकट.

रेडिओवरच्या संवादासाठी घरातलं कोणीतरी पकडा. मी आईला एटीसी केलं. २०१८ च्या जूनमध्ये जुहूहून चाचणीसाठी उडालेलं विमान आमच्या घाटकोपरच्या सर्वोदयनगरमध्ये कोसळलं, पाच माणसं गेली. तेव्हापासून तिला या विषयाचं नावही नको होतं. तरी बसली. तिला सांगितलं, कागदावरचे आकडे दर वेळी बदलायचे, आणि कुकरची शिट्टी होत असतानाच क्लिअरन्स वाचायचा. ती मुद्दाम फ्लाइट लेव्हल १३० चं १५० करायची आणि मी जुनाच आकडा रीडबॅक केला की चमच्याने टेबल वाजवायची. हे हसण्यावारी नेऊ नका. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते खाली आलं. समोरून सौदियाचं विमान १४,००० वर. ३४९ माणसं. ईएलपीसारख्या परीक्षा आल्या त्यामागे या अपघाताचाही हात आहे.

अमेरिकन व्हिडिओंवर सराव करू नका. ते 'पॉइंट' म्हणतात, आपल्याला 'डेसिमल' म्हणायचंय. ते दाब इंचात सांगतात, आपण क्यूएनएच हेक्टोपास्कलमध्ये. व्हिक्टर आणि व्हिस्कीतला फरक आपल्या मराठी तोंडातून नाहीसा होतो, तो आरशासमोर बसून सोडवा. बाकी नेहमीचंच: मूळ कागदपत्रं, लवकर निघा, पश्चिम रेल्वेवर भरवसा नको, रात्री झोपा.

आणि 'आमच्याकडे पॅटर्न आहे' म्हणणाऱ्याला हात जोडा. मी दिली तेव्हा ही परीक्षा दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि त्याने तो अधिकार डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, दिला. सूचना डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघा, सरांच्या स्टेटसवर नाही. आरटीआर अडलं की एफआरटीओएल, म्हणजे रेडिओचा परवाना, अडतं, एफआरटीओएल अडलं की सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचा परवाना. तोवर उड्डाणातला हात जातो आणि सेसनाचा प्रत्येक तास पुन्हा खिशातून भरावा लागतो. हा हिशोब घरी बाबांसमोर मांडताना सर शेजारी नसतात.

सरांना मी फोन केला. "तू कॉन्फिडन्स घालवलास, तो एक्झामिनरही खडूसच आहे, रिपीटर बॅचला तुला सवलत देतो." अ‍ॅनेक्समधल्या तक्त्याचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका. पुढच्या बॅचच्या एका मुलाच्या नोट्स पाहिल्या, ती ओळ तशीच. तो पास झाला, कारण त्याला पांढरा विचारलाच नाही.

पुढे मीही पास झाले, काका आणि आई यांच्या जोरावर. त्याच आठवड्यात क्लासच्या जाहिरातीत 'आमचे तारे' खाली माझा फोटो. फॉर्मला लावायला दिलेला पासपोर्टचाच. काढा म्हटलं तर, "बेटा, तू आमचीच ना?" अजून काढलेला नाही. प्रवेशाच्या वेळी जादा फोटो मागतात, ते देऊ नका.